झोपेची गोळी नेमकी कोणती?

"ताई, रात्रभर डोळ्याला डोळा लागत नाही हो!" मैत्रिणींनो, आपल्या वाशीम जिल्ह्यात कारंज्याला जा की रिसोडला, हे वाक्य कानावर पडतंच. सोयाबीन हातचं गेलेलं, डोक्यावर कर्ज, घरातली चिंता. पण सतत उडालेली झोप हे नैराश्याचंही लक्षण असू शकतं.

माझ्या ओळखीतल्या एका वहिनींना मानसोपचारतज्ज्ञांनी फ्लुओक्सेटिन दिलं. या गोळीनं मन सावरतं, पण काहींची झोप सुरुवातीला आणखी कमी होते. म्हणून ती बहुधा सकाळी घ्यायला सांगतात. वहिनींना दम निघेना. दुसऱ्या दवाखान्यातून त्यांनी झोपेसाठी गोळी आणली, ती अमिट्रिप्टिलिन. पहिल्या गोळीबद्दल मात्र चकार शब्द काढला नाही. का? "डोक्याचं औषध चालू आहे म्हटलं तर लोक काय म्हणतील!" थोड्याच दिवसांत तोंड कोरडं, छातीत धडधड, उठलं की भोवळ.

खरं तर अमिट्रिप्टिलिनही नैराश्याचंच औषध. त्यानं गुंगी येते एवढंच. फ्लुओक्सेटिनमुळे ते शरीरातून लवकर बाहेर पडत नाही, साचत जातं. त्याचा ताण हृदयाच्या ठोक्यांवर येऊ शकतो. शिवाय दोन्ही गोळ्या मेंदूतलं सेरोटोनिन वाढवतात. ते अति झालं तर हातपाय थरथरणं, घाम, ताप, जुलाब, असंबद्ध बडबड सुरू होते. अशा वेळी सकाळची वाट न पाहता दवाखाना गाठायचा. ट्रामाडॉल या वेदनाशामक गोळीनंही हा धोका वाढतो.

म्हणजे दोन औषधं एकत्र कधीच नकोत का? तसं नाही. तज्ज्ञ विचारपूर्वक, बेतानं देतातही. धोका आहे तो एका डॉक्टरची चिठ्ठी दुसऱ्यापासून लपवण्यात. आणि घाबरून आपल्या मनानं गोळी एकदम बंदही करू नका.

एक साधी सवय लावून घ्या. साऱ्या चिठ्ठ्या आणि गोळ्यांची पाकिटं एकाच पिशवीत ठेवा, आणि कुठल्याही डॉक्टरकडे जाताना ती न्या. अंगदुखीची गोळीही त्यात असू द्या. मनावरचं ओझं बोलायचं असेल तर १४४१६ हा सरकारी 'टेलिमानस' क्रमांक २०२२ पासून आहे. फोन मोफत, मराठीतही बोलता येतं. बीपीची गोळी आपण लपवतो का? मग हीच का लपवायची?