मनगटाच्या जोरावर

मावळातल्या एखाद्या मुलीने बारावीनंतर ऑक्युपेशनल थेरपीला प्रवेश घेतला की पाहुण्यांचा प्रश्न ठरलेला : ‘म्हणजे फिजिओच ना?’ ‘जवळपास,’ म्हणून तीही विषय संपवते. मला या ‘जवळपास’चा छडा लावायचा होता.

इतिहास थोडक्यात सांगतो. एलिझाबेथ लुंडी ही अमेरिकन तरुणी विष्णू निंबकरांशी लग्न करून इकडे आली आणि कमला निंबकर झाली. १९५० मध्ये कमलाबाईंनी परळच्या केईएम रुग्णालयात या विषयाचं देशातलं पहिलं विद्यालय काढलं. आज केईएम, नायर, सायन आणि नागपूरचं मेडिकल इथे हे शिक्षण मिळतं. प्रवेश ‘नीट’वर होतो. नाशिकच्या आरोग्य विज्ञान विद्यापीठाची ही पदवी इंटर्नशिपसह साडेचार वर्षांची राहिली आहे.

सुरुवातीला शरीररचना वगैरे असतंच. पुढे शिकायची ती रोजच्या कामाची चिरफाड. भाकरीच घ्या. पीठ मळायला जोर खांद्यातून येतो. थापताना एक हात थोपटतो, दुसरा कड सावरतो. तव्यावर टाकताना दोन्ही हातांचा मेळ लागतो, आणि चटका वेळेत कळावा लागतो. शिवाय हे सगळं चुलीपुढे बसून. पक्षाघातानंतर बाईचा हात हलू लागला तरी भाकरी का होत नाही, याचं उत्तर कदाचित हातात नसून तोल सांभाळण्यात असतं. ते हुडकायचं आणि मग तोल सुधारायचा, नाहीतर परातीखाली ओलं फडकं घालून ती हलणार नाही असं बघायचं.

मी मात्र अडकलो एका मनगटापाशी. पवना खोऱ्यातल्या एका तरुणाच्या मानेला अपघातात मार बसला. मज्जारज्जूला मानेतल्या सहाव्या पातळीवर इजा झाली की बोटं लुळी पडतात, पण मनगट मागे उचलता येतं. थेरपिस्टने त्याला तेवढंच करायला सांगितलं. मनगट वर आलं तशी बोटं आपोआप मुडपली आणि अंगठा तर्जनीच्या कडेला टेकला. मनगट सोडताच बोटं उघडली. बोटांच्या स्नायूंत ताकद शून्य. मनगट मागे गेलं की बोटं मिटवणाऱ्या शिरा ताणल्या जातात, एवढंच. पण चमचा धरायला, मोबाइल उचलायला तेवढी पकड पुरते.

ही पकड टिकते ती त्या शिरा थोड्या आखूड राहिल्या तरच. घरचे बिचारे मायेने रोज तेल लावून, मनगट मागे दाबून एकेक बोट सरळ ताणतात. शिरा सैल पडतात आणि पकड जाते. म्हणून थेरपिस्टने त्याच्या आईचा हात हातात घेऊन दाखवलं : मनगट खाली असेल तरच बोटं सरळ करायची, ते मागे असताना बोटं मिटलेलीच ठेवायची, हातावर भार देऊन सरकतानाही पंजा पसरायचा नाही. व्यायाम नेमका कुठे करायचा नाही, हे माहीत असणं हीसुद्धा विद्याच.

अडचणी इथून पुढे. रुग्ण किती स्वावलंबी झाला हे मोजायला जगभर १९६५चा बार्थेल निर्देशांक वापरतात : दहा प्रश्न, शंभर गुण. त्यात खाटेवरून खुर्चीत जाणं आहे, जिने आहेत; जमिनीवर बसून उठणं नाही. पंगतीला बसणं नाही, भाताच्या खाचरात वाकून लावणी करणं तर नाहीच. त्यामुळे शंभरपैकी शंभर मिळवलेला मावळातला शेतकरी आषाढात बांधावर बसून राहू शकतो आणि कागदावर तो पूर्ण बरा असतो.

दुसरी अडचण अंतराची. आंदर मावळातल्या माणसाला आठवड्याला दोनदा पुण्या-मुंबईला न्यायचं, म्हणजे सोबत येणाऱ्याचाही रोज बुडतो. दोन-तीन खेपांनंतर उपचार सुटतात. शिकून बाहेर पडलेल्या मुली शहरात लहान मुलांच्या थेरपी सेंटरमध्ये जातात किंवा परदेशाच्या परीक्षा देतात. त्यांना दोष कसा द्यायचा? गावच्या प्राथमिक आरोग्य केंद्रात त्यांचं पदच नाही.

बार्थेलच्या कागदावर ‘जमिनीवरून उठता येतं का’ ही ओळ कुठलीही विद्यार्थिनी पेनाने वाढवू शकेल. तो प्रश्न विचारायला मावळातल्या वडगावात माणूस बसवायचा असेल, तर मात्र पद सरकारनेच मंजूर करायला हवं.