इंग्रजी अध्यापनाची ऑनलाइन साधने, शालेय

इंग्रजी ही ज्यांच्या घरची भाषा नाही, अशा शालेय विद्यार्थ्यांना ती शिकविण्यासाठी आंतरजालाच्या (इंटरनेटच्या) द्वारे उपलब्ध होणारी पाठ्यसामग्री, सरावाची उपकरणे व संभाषणाच्या सोयी यांना सामान्यतः ही संज्ञा लावतात. ध्वनिमुद्रित व चित्रमुद्रित पाठ, बोलकी गोष्टींची पुस्तके, शब्दखेळ, उच्चार तपासणारे अनुप्रयोग (ॲप), तसेच दूरस्थ व्यक्तीशी पडद्यावरून होणारे प्रत्यक्ष संभाषण यांचा त्यांत अंतर्भाव होतो. ज्या देशांत इंग्रजी हीच समाजव्यवहाराची भाषा आहे, तेथे स्थलांतरितांच्या मुलांसाठी ही साधने वापरतात. अशा मुलाला शाळेबाहेर पडताच इंग्रजी ऐकू येते. महाराष्ट्रातील बहुसंख्य विद्यार्थ्यांची स्थिती वेगळी असल्याने येथे त्याच साधनांकडून निराळ्या कार्याची अपेक्षा करावी लागते.

भाषिक परिस्थिती : अहिल्यानगर (पूर्वीचे अहमदनगर) जिल्ह्याच्या राहाता तालुक्यातील शिर्डी या तीर्थक्षेत्राचे उदाहरण या दृष्टीने बोलके आहे. साईबाबांच्या दर्शनासाठी तेथे आंध्र प्रदेश, तेलंगण, कर्नाटक, तमिळनाडू इ. राज्यांतून वर्षभर यात्रेकरू येतात. मंदिरपरिसरातील अनेक फुलवाल्यांना व प्रसादाच्या दुकानदारांना कामापुरती तेलुगू व हिंदी बोलता येते. ही तेलुगू त्यांना कोणी शिकविलेली नसते. गिऱ्हाइकाशी बोलता बोलता ती आलेली असते. उलट दुकानांच्या व निवासगृहांच्या पाट्यांवर इंग्रजी जागोजाग आढळते, परंतु ती वाचण्यापुरती असते. तिच्यात बोलण्याची वेळ क्वचितच येते. श्रीसाईबाबा संस्थान गावात कन्या विद्यामंदिराबरोबर इंग्रजी माध्यमाची शाळाही चालविते व पालकांचा ओढा अशा शाळांकडे वाढत आहे. तथापि परिसरातील ऊसपट्ट्याच्या वाड्यावस्त्यांवरील मुले मुख्यतः जिल्हा परिषदेच्या मराठी शाळांत जातात. पहिलीपासून दहावीपर्यंत दहा वर्षे इंग्रजी शिकूनही तिच्यात चार वाक्ये बोलण्याचा धीर न होणारा विद्यार्थी या भागात, किंबहुना साऱ्या ग्रामीण महाराष्ट्रात, आढळतो. फुलवाल्याला तेलुगू येते आणि विद्यार्थ्याला इंग्रजी येत नाही, याचे कारण बुद्धीत शोधण्याचे प्रयोजन नाही. एकाला त्या भाषेत उत्तर देणारे माणूस रोज भेटते, दुसऱ्याला भेटत नाही. ऑनलाइन साधनांचे मूल्यमापन करताना ही गोष्ट प्रथम ध्यानात घ्यावी लागते.

पूर्वपीठिका : स्वातंत्र्योत्तर काळात बाळासाहेब खेर यांच्या मंत्रिमंडळाने मुंबई राज्यात पाचवी ते सातवीच्या वर्गांतून इंग्रजी वगळली व ती आठवीपासून शिकविली जाऊ लागली. पुढे महाराष्ट्रात ती पुन्हा पाचवीपासून सुरू झाली आणि जून २००० पासून, रामकृष्ण मोरे हे शिक्षणमंत्री असताना, पहिलीपासून अनिवार्य करण्यात आली. या निर्णयामुळे, स्वतः इंग्रजी फारशी न बोलणाऱ्या हजारो प्राथमिक शिक्षकांवर ती बोलून दाखविण्याची जबाबदारी आली. शिक्षकाच्या आवाजाला दुसऱ्या आवाजाची जोड देण्याचे प्रयत्न मात्र त्याआधीचे आहेत. पुण्याच्या सेंटर फॉर लर्निंग रिसोर्सेस या संस्थेने तयार केलेल्या ‘वी लर्न इंग्लिश’ या आकाशवाणी पाठमालेत निवेदक प्रश्न विचारी व उत्तरासाठी मुद्दाम मोकळा अवकाश सोडी. वर्गातील मुले त्या अवकाशात एका सुरात उत्तर देत. १९८४ मध्ये पुण्यात स्थापन झालेली व २०१७ मध्ये बंद झालेली ‘बालचित्रवाणी’ ही संस्था शालेय विषयांवर दूरचित्रवाणी कार्यक्रम तयार करी. रेडिओला उत्तर देता येई, पण ते त्याला ऐकू येत नसे, हीच या माध्यमांची मर्यादा होती.

मुद्रित सामग्री व सांकेतिक चिन्हे : आंतरजालावरील सामग्री वर्गापर्यंत पोहोचविण्यात क्यूआर संकेताचा मोठा वाटा आहे. पाठ्यपुस्तकाच्या पानावर छापलेली ही चौकोनी खूण भ्रमणध्वनीने टिपली असता संबंधित ध्वनिफीत किंवा चित्रफीत उघडते. सोलापूर जिल्ह्याच्या माढा तालुक्यातील परितेवाडी येथील जिल्हा परिषद शाळेचे शिक्षक रणजितसिंह डिसले यांनी या संकेतांचा वापर आपल्या शाळेतील पुस्तकांत केला व पुढे ‘बालभारती’च्या पाठ्यपुस्तकांतही ते छापले जाऊ लागले. डिसले यांना २०२० चा जागतिक शिक्षक पुरस्कार मिळाला; दहा लक्ष डॉलरच्या पारितोषिकाची निम्मी रक्कम त्यांनी अंतिम फेरीतील इतर नऊ शिक्षकांना वाटून दिली. केंद्र शासनाच्या ‘दीक्षा’ या मंचाचे (२०१७) पाठ याच संकेतांद्वारे उघडतात. इंग्रजीच्या पाठात या सोयीचा उपयोग विशेष आहे. गणिताचे पान डोळ्यांनी वाचून समजू शकते, परंतु इंग्रजी शब्दाचे लेखन त्याचा उच्चार खात्रीने सांगत नाही. देवनागरीत जसे लिहिले तसे वाचण्याची सवय झालेल्या मुलाला ‘नाइफ’ या शब्दाच्या आरंभीचे मूक अक्षर ऐकल्यावाचून कळण्याचा मार्ग नाही.

उच्चार तपासणारी उपकरणे : या उपकरणांत मुलाने मोठ्याने वाचलेले वाक्य यंत्र ऐकते, त्याचे सूक्ष्म ध्वनिखंडांत विश्लेषण करते व अपेक्षित शब्दाशी ते किती जुळते हे ठरविते. कोणते वाक्य वाचले जाणार हे आधीच ठाऊक असल्याने मुक्त संभाषणापेक्षा हे काम सोपे असते. गूगल कंपनीचा ‘बोलो’ हा अनुप्रयोग (मार्च २०१९) या प्रकारचा असून तो भारतात प्रथम हिंदी व इंग्रजीसाठी निघाला. नंतर त्याला ‘रीड अलाँग’ असे नाव मिळाले व त्यात मराठीचीही भर पडली. मराठी भाषिकांच्या काही उच्चारसवयी अशा उपकरणांत हटकून आडव्या येतात. आधुनिक मराठी बोलण्यात ऱ्हस्व-दीर्घ इकाराने अर्थभेद फारसा होत नाही, म्हणून ‘शिप’ (जहाज) व ‘शीप’ (मेंढी) हे शब्द सारखेच उच्चारले जातात. इंग्रजीतील दोन भिन्न ध्वनींसाठी मराठीत एकच ‘व’ आहे. ‘टेबल’ या शब्दातील ‘ट’ मराठी भाषक जीभ मागे वळवून मूर्धन्य उच्चारतो. यांपैकी पहिल्या सवयीने अर्थाचा घोटाळा होतो, तर शेवटच्या सवयीने तो सहसा होत नाही. चांगला शिक्षक पहिली चूक सुधारतो व दुसरीकडे दुर्लक्ष करतो. यंत्राला हा विवेक त्याच्या घडणीतूनच द्यावा लागतो आणि तो न दिल्यास मूल गप्प बसते.

फलटणचा प्रयोग : प्रत्यक्ष संभाषणाच्या साधनांपैकी महाराष्ट्रातील सर्वांत उद्‌बोधक उदाहरण सातारा जिल्ह्यातील फलटणचे होय. १९९९ मध्ये सुगत मित्र यांनी दिल्लीतील कालकाजी येथे झोपडवस्तीला लागून असलेल्या भिंतीत संगणक बसवून तो मुलांना मोकळा करून दिला. ‘भिंतीतील छिद्र’ या नावाने हा प्रयोग प्रसिद्धीस आला व पुढे सिंधुदुर्ग जिल्ह्यातही अशी केंद्रे निघाली. मुले आपापल्या बुद्धीने संगणक हाताळू लागतात, हे त्यातून दिसून आले. तथापि देखभालीअभावी अनेक केंद्रे मोडकळीस आली आणि वयाने मोठी मुलगे संगणक अडवून बसतात, अशी टीकाही झाली. मित्र यांच्या निरीक्षणात आणखी एक गोष्ट आली. विषय न जाणणारी, पण शेजारी बसून आजीप्रमाणे कौतुक करणारी व्यक्ती असली, तर मुलांची प्रगती वाढते. २००९ मध्ये त्यांनी ब्रिटनमधील वृत्तपत्राद्वारे स्वयंसेवक आजीबाईंना आवाहन केले. त्यास मिळालेल्या प्रतिसादातून ‘ग्रॅनी क्लाउड’ हा गट उभा राहिला. त्यात सेवानिवृत्त शिक्षिका पुष्कळ आहेत. सर्वच सदस्य आजी किंवा स्त्रियाही नाहीत. २०१३ चे टेड पारितोषिक मिळाल्यावर मित्र यांनी भारतात व इंग्लंडमध्ये मिळून जी सात केंद्रे उभारली, त्यांतील एक फलटणच्या प्रगत शिक्षण संस्थेत होते.

या संस्थेची निवड महत्त्वाची ठरते. तिच्या संस्थापक मॅक्सीन बर्नसन या मूळच्या अमेरिकन. फलटणच्या बोलीतील सामाजिक भेदांवर त्यांनी भाषावैज्ञानिक संशोधन केले, त्या येथेच स्थायिक झाल्या व त्यांनी भारतीय नागरिकत्व स्वीकारले. मराठी वाचन-लेखन मुलाला अर्थपूर्ण रीतीने कसे शिकवावे, हा त्यांच्या कार्याचा गाभा आहे. संस्थेची कमला निंबकर बालभवन ही शाळा मराठी माध्यमाची आहे. म्हणजे इंग्रजी संभाषणाचे हे साधन येथे मातृभाषेत वाचू व विचारू लागलेल्या मुलांच्या हाती आले. पडद्यापलीकडून गोष्ट ऐकताना पुढे काय होईल याचा तर्क करणे, न समजल्यास विचारणे, या सवयी त्यांना मराठीतच लागलेल्या होत्या.

अशा संभाषणसत्रात पडद्यासमोर चार-पाच मुलांचा लहान गट बसतो. आजी गोष्ट वाचते, चित्रे दाखविते, आपली बाग किंवा मांजर दाखविते. मुलेही आपल्या घरातल्या वस्तू दाखवितात. व्याकरण सहसा शिकविले जात नाही. भारत व ब्रिटन यांच्या घड्याळांत हिवाळ्यात साडेपाच तासांचे अंतर असल्याने शाळेतील दुपारचे अडीच ही आजीची सकाळची नऊची वेळ असते, ही सोयीची गोष्ट होय. अडचणीही ठरलेल्या असतात : वीज जाते, चित्र गोठते, आवाज तुटतो. परंतु आवाज तुटला असता मुलांना तेच वाक्य वेगळ्या शब्दांत पुन्हा सांगावे लागते व आजीलाही आपले बोलणे सोपे करावे लागते. भाषाशिक्षणाच्या दृष्टीने हा निव्वळ तोटा नव्हे. यासाठी प्रारंभी ‘स्काइप’ ही सेवा वापरीत. ती मे २०२५ मध्ये बंद झाली.

शिक्षकांसाठी साधने : शिक्षकाचे इंग्रजी सुधारल्यास एका उपकरणाचा लाभ अनेक वर्गांना होतो. ब्रिटिश कौन्सिल, टाटा ट्रस्ट्स व महाराष्ट्र शासन यांच्या ‘तेजस’ या प्रकल्पात (२०१६) निवडक जिल्ह्यांत शिक्षकांचे लहान गट करण्यात आले. ते ठरावीक काळाने एकत्र जमत व मधल्या काळात व्हॉट्सॲपवरील गटांत इंग्रजीतून अनुभव कळवीत. खर्चाच्या मानाने हा मार्ग अधिक फलदायी वाटतो, कारण त्यास प्रत्येक विद्यार्थ्याच्या हाती उपकरण असण्याची गरज नसते.

टाळेबंदीचा काळ : मार्च २०२० मध्ये कोव्हिड साथीमुळे शाळा बंद झाल्यावर साधनांच्या उपलब्धतेचा प्रश्न उघडा पडला. राज्य शैक्षणिक संशोधन व प्रशिक्षण परिषदेने ‘शाळा बंद पण शिक्षण आहे’ ही दैनंदिन अभ्यासमाला भ्रमणध्वनीवरून पाठविण्यास सुरुवात केली. ‘असर’ सर्वेक्षणानुसार देशातील ग्रामीण भागात शाळकरी मुले असलेल्या कुटुंबांपैकी ज्यांच्याकडे स्मार्टफोन होता, त्यांचे प्रमाण २०१८ मधील ३६·५ टक्क्यांवरून २०२१ मध्ये ६७·६ टक्क्यांवर गेले. मात्र फोन असलेल्या घरांतही सु. एक चतुर्थांश मुलांना तो वापरावयास मिळत नव्हता. फोन वडिलांबरोबर कामावर जाई व दोन भावंडांत एकच असल्यास कोणाचा वर्ग बुडणार, हे घरातच ठरे. हे ओळखून एमकेसीएल नॉलेज फाउंडेशनने २० जुलै २०२० पासून दूरदर्शनच्या सह्याद्री वाहिनीवर पहिली ते आठवीसाठी ‘टिलीमिली’ ही मालिका सुरू केली. साथीनंतरच्या २०२२ च्या ‘असर’ पाहणीत साधी इंग्रजी वाक्ये वाचू शकणाऱ्या पाचवीच्या मुलांचे देशातील प्रमाण २४·५ टक्के, म्हणजे जवळजवळ २०१६ मधील प्रमाणाइतकेच, आढळले. सहा वर्षांत फोन घरोघर झाले, पण इंग्रजी वाचन होते तेथेच राहिले.

अलीकडील प्रवाह : २०२२ च्या अखेरीपासून कृत्रिम बुद्धिमत्तेवर आधारित संभाषणयंत्रे सर्वसामान्यांच्या वापरात आली. ती कंटाळत नाहीत, मराठीतून विचारलेल्या शंकेचे मराठीतून उत्तर देऊ शकतात व चुकल्यावर हसत नाहीत. लाजाळू विद्यार्थ्याला हा शेवटचा गुण मोलाचा वाटतो. मात्र ती चुकीची माहितीही तितक्याच ठामपणे देतात व नवशिक्या मुलाला ती चूक ओळखता येत नाही. फलटणच्या मुलांना पलीकडच्या आजीविषयी जे कुतूहल असे, ते यंत्राविषयी किती टिकते, हेही पाहावे लागेल. मुलांचे आवाज व चेहरे या साधनांत साठविले जात असल्याने त्यांच्या खाजगीपणाचा प्रश्नही निर्माण झाला आहे. भारताच्या डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण अधिनियमात (२०२३) अठरा वर्षांखालील व्यक्तीची माहिती वापरण्यापूर्वी पालकांची पडताळणीयोग्य संमती आवश्यक मानली आहे. ही संमती देणारा पालक बहुधा तोच असतो, ज्याला संमतिपत्राची इंग्रजी वाचता येत नाही. ते पत्र मराठीत देणे ही शाळांची पहिली गरज ठरते.