हेमकुंडच्या वाटेवरचं ब्रह्मकमळ (एपिसोडचं लिखित रूप)

लोकलमध्ये रेंज जाते म्हणून ऐकण्याऐवजी वाचणाऱ्यांचंही स्वागत.

सुरुवात एका कबुलीने करतो. तीन वर्षांपूर्वी ऑगस्टमध्ये आम्ही ऑफिसचे पाच जण उत्तराखंडात घांघरियाहून हेमकुंडला चढलो. वाटेत ब्रह्मकमळं दिसली आणि मी त्यातलं एक तोडलं. आईसाठी. डब्यात घालून आणलं, पण ऋषिकेशला पोहोचेपर्यंत त्याचा काळा लगदा झाला होता. घरी फोटो दाखवला तर आई म्हणाली, "हे कुठलं ब्रह्मकमळ? आपलं बाल्कनीत आहे ना!"

तर बाल्कनीतलं, रात्री उमलणारं, ज्यासाठी शेजाऱ्यांना बोलावून फोटो काढतात, ते मूळचं मेक्सिको-मध्य अमेरिकेकडचं निवडुंग आहे. हिमालयातलं ब्रह्मकमळ सूर्यफुलाच्या कुळातलं, साधारण ३,७०० मीटरच्या वर वाढणारं. आपलं कळसूबाई १,६४६ मीटर. म्हणजे दुपटीहून जास्त उंची!

चढताना एक गोष्ट जाणवते. आधी उंच झाडं, मग वाकडी-बुटकी भोजपत्रं, आणि मग झाडं संपतातच. ही ट्री लाइन, म्हणजे वृक्षरेषा. मला वाटायचं ऑक्सिजन कमी म्हणून. तसं नाहीये. (बॉटनीशी माझा संबंध बारावीत संपला, त्यामुळे हे सगळं नंतर वाचलेलं.) थंडीत पानं अन्न बनवत राहतात, पण साधारण ५ अंशांच्या खाली त्या अन्नातून नवीन पेशी तयार होणं जवळपास थांबतं. गोदामात माल आहे, पण बांधकाम बंद. जगभरात बहुतेक डोंगरांवर जिथे वाढीच्या मोसमातलं सरासरी तापमान ६ अंशांच्या आसपास येतं, तिथेच झाडं थांबतात.

मग त्याच्याही वर छोटी रोपं कशी जगतात? इथे खरी गंमत आहे.

झाड उंच, सतत वाऱ्यात. म्हणजे फॅन कायम चालू असलेला लॅपटॉप. त्याच्या शेंड्याचं तापमान हवेइतकंच राहतं. जमिनीला चिकटलेलं रोप म्हणजे उन्हात गाडीच्या डॅशबोर्डवर विसरलेला फोन. तिथे वारा जवळजवळ पोहोचत नाही, ऊन मात्र थेट पडतं. त्यामुळे ऊन असताना अशा रोपाची पानं हवेपेक्षा १० अंशांनी, कधी त्याहूनही जास्त गरम असतात. आपल्या ॲपमधलं तापमान माणसाच्या उंचीवरचं. बोटभर उंचीवर हवामानच वेगळं! या जोरावर लडाखमध्ये ६,१५० मीटरवरही फुलझाडं सापडली आहेत.

ब्रह्मकमळ मात्र गुडघ्याला लागेल इतकं वाढतं, म्हणून त्याने वेगळा जुगाड केलाय. ज्यांना आपण पाकळ्या म्हणतो ती खरं तर कागदासारखी पातळ, फिकट पिवळसर पानं आहेत. खरी फुलं आत, छोटी, जांभळी, गुच्छात. बाहेरची पानं म्हणजे त्यांचं ग्रीनहाउस: ऊब धरतात, पावसात पराग भिजू देत नाहीत, अतिनील किरणंही अडवतात. त्याचा भाऊबंद फेनकमळ तर अंगभर लोकर गुंडाळून बसतो. वर छोटंसं भोक असतं, तिथून भुंगे आत शिरतात.

एवढा खटाटोप कशासाठी? बियांसाठी. मोसम तीन-चार महिन्यांचा. तिथल्या अनेक रोपांच्या कळ्या तर आदल्या वर्षीच तयार होऊन बर्फाखाली थांबलेल्या असतात. मी जे तोडलं ते "एक फूल" नव्हतं, आतला अख्खा गुच्छ होता. म्हणजे त्या देठावरच्या त्या वर्षीच्या सगळ्या बिया.

गावकरीही तोडतात, भाद्रपदात नंदाष्टमीला देवीला वाहायला. त्याची आणि माझ्या हौसेची तुलना मला पटत नाही. आमच्यासारखे मोसमात रोज शेकड्यांनी चढतात. तुडवण्याचं तर बोलायलाच नको. तंबूखाली दबलेलं गवत खाली गावात महिनाभरात उठेल, तिथे तेवढा उन्हाळाच नसतो. २०१८ मध्ये उत्तराखंड उच्च न्यायालयाने बुग्यालांवर, म्हणजे तिथल्या उंच कुरणांवर, रात्रीच्या मुक्कामाला बंदी घातली आणि पर्यटकांची संख्या २०० वर आणली. तेव्हा ट्रेकिंग ग्रुपवर आम्ही किती शिव्या घातल्या होत्या!

यंदा जाणाऱ्यांनो, वाट सोडू नका आणि फोटो फुलाच्या उंचीला बसून काढा. तिथे वारा किती कमी लागतो, ते कळवा मला.