प्रिंटर रुसला नव्हता, पत्ता बदलला होता

पत्त्याचे महत्त्व आपल्या सीमाभागातल्या घरांना वेगळे सांगायला नको. १ नोव्हेंबर २०१४ रोजी बेळगावचे सरकारी नाव बेळगावी झाले, पण ५९०००१ हा पिनकोड तोच राहिला. पाटीवर नाव कोणतेही असो, टपाल बरोबर पोचते. १५ ऑगस्ट १९७२ रोजी सुरू झालेली ही सहा आकड्यांची योजना श्रीराम भिकाजी वेलणकर या संस्कृत पंडिताची. मराठीत आपण ‘पत्ता’ म्हणतो, कन्नडमध्ये ‘विळास’. असा कायमचा विळास कार्यालयातल्या प्रिंटरलाही लागतो, हे मला गोव्यात धारगळला नीट कळले.

संगणक दुरुस्तीच्या निमित्ताने मी पेडणे तालुक्यात जात असतो. धारगळला महामार्गालगत एक लहान कार्यालय आहे. चार संगणकांना मिळून एकच प्रिंटर. तो अधूनमधून ‘ऑफलाइन’ दाखवायचा आणि कागदासाठी आलेली माणसे ताटकळायची. सगळा राग निघायचा तो टेबलावरच्या मुलीवर. मुलगी बेळगावकडची, घरात कन्नड बोलणारी, मराठी शाळेत शिकलेली.

“शनिवारी तर चालू होता. तूच कायतरी दाबलं असशील,” साहेब माझ्यासमोरच म्हणाले.

“नाही हो सर. मी तारखा लिहून ठेवल्यात, बघा,” असे म्हणत तिने वही पुढे केली.

त्या वहीनेच अर्धे काम केले. बिघाडाचे बहुतेक दिवस सोमवार होते, उरलेले वीज गेल्याचे. शनिवारी संध्याकाळी तिथे मेन स्विच बंद करतात. म्हणजे राउटरही बंद.

आता आत काय घडते ते पाहू. राउटर प्रत्येक यंत्राला एक आकडी पत्ता देतो, पण तो ठरावीक मुदतीसाठी, भाड्याच्या खोलीसारखा. या पद्धतीला डीएचसीपी म्हणतात. वीज गेली की काही लहान राउटर कोणाला कोणता पत्ता दिला ते विसरतात. सोमवारी सकाळी कर्मचाऱ्यांचे मोबाइल आधी जोडले जातात आणि प्रिंटरचा जुना आकडा एखाद्या मोबाइलला मिळून जातो. प्रिंटरला नवा आकडा मिळतो. संगणक मात्र जुन्याच पत्त्यावर कागद पाठवत राहतो. तिथे घेणारे कोणी नाही, म्हणून ‘ऑफलाइन’.

खात्री करणे सोपे आहे. प्रिंटरच्या मेनूतून नेटवर्कची माहिती देणारे पान छापून घ्यावे. मग संगणकात प्रिंटरच्या ‘पोर्ट’मध्ये कोणता आकडा आहे ते पाहावे. धारगळला दोन्ही आकडे वेगळे निघाले.

उपाय असा. प्रत्येक यंत्राला कारखान्यातूनच १२ अक्षरांची एक खूण मिळते, तिला मॅक अॅड्रेस म्हणतात. राउटरच्या सेटिंगमध्ये ही खूण नोंदवून तिच्यासाठी एक पत्ता राखून ठेवता येतो. मग वीज कितीदा गेली तरी प्रिंटरला तोच आकडा मिळतो. संगणकातल्या पोर्टमध्येही तोच आकडा घालायचा. या कामाला वीस मिनिटे लागली. नवा प्रिंटर घ्यायचे जवळजवळ ठरले होते, तो खर्च वाचला.

दोन्ही आकडे जुळूनही ‘ऑफलाइन’ येत असेल, तर विंडोजमध्ये पोर्टच्या सेटिंगमधली ‘एसएनएमपी’ची खूण काढून पाहावी. प्रिंटरकडून हालहवालाचे उत्तर आले नाही, तर चालू प्रिंटरही कधीकधी बंद दिसतो. प्रिंटरचा आकडा १६९.२५४ ने सुरू होत असेल, तर त्याला राउटरकडून पत्ता मिळालेलाच नाही असे समजावे. आधी केबल किंवा वायफाय तपासावे. प्रिंटर राउटरपासून लांब असेल तर वायफायपेक्षा केबल बरी.

मुलांच्या शाळेच्या प्रकल्पासाठी हल्ली घरोघरी वायफायचे प्रिंटर आले आहेत. तिथेही रात्री राउटर बंद केला की हाच घोळ होतो, आणि मग बोलणी खातो तो शेवटी हात लावणारा, बहुधा घरातले लेकरू. तेव्हा कोणाला रागावण्याआधी ते पान छापून आकडे जुळवून पाहा. राखून ठेवलेला पत्ता कागदावर लिहून प्रिंटरला चिकटवा. आणि बिघाडाच्या तारखा लिहून ठेवणारे कोणी घरात वा कार्यालयात असेल, तर त्याची वही आधी वाचा.