क्रमिक संदेशवहन लायब्ररी

क्रमिक संदेशवहन लायब्ररी : संगणक आणि त्याला तारेने जोडलेले उपकरण यांच्यामध्ये एकामागून एक बिट पाठवून होणारी देवाणघेवाण सांभाळणारा तयार आज्ञावलींचा संच. जुनी आज्ञावली नव्या संगणकावर नेताना याची निवड महत्त्वाची ठरते.

या जोडणीचे आरएस-२३२ हे मानक अमेरिकेत १९६० मध्ये प्रसिद्ध झाले. एमएस-डॉसवरील आज्ञावल्या पुष्कळदा पोर्टच्या मंडलाशी थेट व्यवहार करीत. विंडोज एनटी (१९९३) या प्रणालीने ही मुभा काढून घेतली. पुढे व्हिज्युअल बेसिकबरोबर मिळणारा एमएसकॉम हा घटक रूढ झाला. पण त्याची ३२-बिट आवृत्ती ६४-बिट आज्ञावलीत चालत नाही. त्यामुळे एकदा स्थलांतरित केलेली आज्ञावली पुन्हा हलवावी लागते.

महाराष्ट्रातील परिचित उदाहरण साखर कारखान्याच्या वजनकाट्याचे आहे. उसाचे वाहन काट्यावर आले की दर्शकातील अंक तारेने संगणकाकडे जातात व पावती छापली जाते. शेतकऱ्याच्या उसाचे पैसे या पावतीवर ठरतात; काटामारीच्या तक्रारी जुन्याच असल्याने आज्ञावलीतील निव्वळ चूकही लबाडी समजली जाण्याचा संभव असतो.

अशी चूक दोन प्रकारे होते. काट्यावरील वजन २४,८६० किग्रॅ. आहे असे समजू. जुनी आज्ञावली एकेक अक्षर घेत ओळ संपल्याची खूण येईपर्यंत थांबत असे. नवी लायब्ररी मात्र त्या क्षणी पोहोचलेली अक्षरेच हाती देऊ शकते. शेवटचे शून्य मागे राहिले, तर पावतीवर २,४८६ उमटेल. प्रत्येक अक्षर स्वतंत्रपणे बिनचूक असल्यामुळे समता-बिटाच्या तपासणीत हा दोष सापडत नाही. अर्थात, दसपटीची ही तफावत काट्यावरील माणसाच्या नजरेस लगेच येते. दुसरी चूक अधिक फसवी आहे. दर्शक अखंड अंक पाठवीत असतो व न वाचलेले अंक प्रणालीच्या तात्पुरत्या साठ्यात रांगेने थांबतात. साठा भरल्यावर नवे अंक वगळले जातात, जुने तसेच राहतात. मग पुढच्या वाहनाच्या पावतीवर आधीच्या वाहनाचे वजन छापले जाऊ शकते. ते दिसायला अगदी विश्वसनीय असते.

म्हणून लायब्ररीत साठा रिकामा करण्याची, ठराविक वेळेनंतर वाट पाहणे थांबविण्याची आणि तार निसटल्यास तसे कळविण्याची सोय हवी. ७ बिट व सम समता अशी मांडणी अनेक दर्शकांत असते. तीही जमली पाहिजे. यूएसबी रूपांतरक दुसऱ्या खाचेत लावला, तर पोर्टचा क्रमांक बदलू शकतो, याचाही विचार करावा लागतो. सी भाषेसाठी लिबसिरियलपोर्ट, पायथनसाठी पायसिरियल व जावासाठी जेसिरियलकॉम या मूळ संहिता खुली असलेल्या लायब्रऱ्या विंडोज व लिनक्स या दोन्ही प्रणालींवर चालतात. संहिता खुली असणे ही येथे केवळ काटकसरीची बाब नाही. निर्मात्याने काम सोडले तरी दुरुस्ती करता येते. निवडीपूर्वी जुनी आज्ञावली चालू असताना तारेवरून जाणारी अक्षरे नोंदवून घेणे श्रेयस्कर, कारण दर्शकाची माहितीपुस्तिका बहुधा तोवर हरवलेली असते.