दिवे चालू आहेत!

तुमच्यापैकी काहीजण व्हॅनने शाळेत येत असतील. मारुतीची ओम्नी तर तुम्ही नक्कीच पाहिली असेल. ही व्हॅन १९८४ साली बाजारात आली आणि २०१९ साली तिचे उत्पादन थांबले. तरी ती अजून रस्त्यावर दिसते. कोणी तिच्यातून मुलांची ने-आण करतो, कोणी माल वाहतो, तर कोणी अडीअडचणीला रुग्णाला दवाखान्यात पोहोचवतो. सकाळी गाडी सुरू झाली नाही, तर चालकाची त्या दिवसाची कमाई बुडते आणि मुलांचा पहिला तासही बुडतो. परीक्षेचा दिवस असेल तर विचारूच नका.

गाडी अशी अडून बसण्याचे एक अगदी साधे कारण म्हणजे चालू राहिलेले दिवे. अनेक जुन्या गाड्यांत किल्ली काढून घेतली तरी बाहेरचे दिवे जळत राहतात. नव्या गाड्या अशा वेळी आवाज करून सांगतात. जुनी गाडी गप्प बसते.

तुम्हांला वाटेल, जळणारे दिवे दिसत कसे नाहीत? रात्री ते दिसतात. समोरच्या भिंतीवर उजेड पडतो आणि चूक लगेच कळते. विसर पडतो तो दिवसा. समजा, पावसाळ्यात एक व्हॅन भिवंडीहून नाशिकला निघाली. कसारा घाटात दाट धुके असते, म्हणून चालक दिवे लावतो. नाशिकला पोहोचेपर्यंत ऊन पडते. उन्हात दिवे जळतात की नाही, हे आत बसलेल्याला कळत नाही. तो दार लावतो आणि कामाला निघून जातो.

पुढे काय होते, ते हिशेबाने पाहू. पुढचे दोन मोठे दिवे प्रत्येकी ५५ वॅटचे धरा. पुढचे-मागचे चार लहान दिवे आणि नंबरपाटीचा एक दिवा प्रत्येकी ५ वॅटचे धरा. एकूण १३५ वॅट झाले. बॅटरी १२ व्होल्टची असते. १३५ ला १२ ने भागले की सुमारे ११ अँपिअर प्रवाह येतो. लहान व्हॅनची बॅटरी ३५ अँपिअर-तासांची असली, तर ती तीन तासांच्या आसपास रिकामी होईल. स्टार्टरला तर दिव्यांच्या कित्येक पट प्रवाह लागतो. म्हणून दिवे मंद जळत असतानाच स्टार्टर हात टेकतो. किल्ली फिरवली की नुसते ‘खट् खट्’ ऐकू येते. बॅटरी उतरली, असे आपण म्हणतो. बॅटरी वारंवार अशी पूर्ण उतरली, तर तिच्या शिशाच्या पट्ट्यांवर कठीण थर बसतो आणि तिचे आयुष्य घटते.

यावर उपाय आहे एका छोट्या बझरचा. त्याला दोन तारा असतात. एक तार लहान दिव्यांच्या तारेला जोडतात, कारण मोठे दिवे लावले तरी लहान दिवे चालूच असतात. दुसरी तार चालकाच्या दाराच्या बटणाकडे जाणाऱ्या तारेला जोडतात. दार उघडले की गाडीतला दिवा लागतो, तो याच बटणामुळे. बहुतेक गाड्यांत हे बटण आपली तार गाडीच्या पत्र्याला, म्हणजे अर्थला, जोडते.

आता यातली गंमत पाहा. दिवे चालू आणि दार बंद असताना बझरच्या दोन्ही टोकांना १२ व्होल्टच असतात. दाराच्या बाजूचे आतल्या दिव्यातून येतात. सारख्या उंचीच्या दोन टाक्या नळीने जोडल्या, तर पाणी वाहत नाही. तसाच इथे प्रवाह वाहत नाही. दार उघडताच एक टोक अर्थला लागते, प्रवाह वाहू लागतो आणि बझर वाजतो. चालकाचा पाय अजून जमिनीला लागायचा असतो, तोच त्याला इशारा मिळतो. (‘इशारा’ हा शब्द तुमच्या ओळखीचा आहे. उर्दूत त्याचा अर्थ खूण किंवा संकेत, तर मराठीत तो बहुधा धोक्याची सूचना म्हणून येतो.)

मात्र दिवे बंद आणि दार बंद असताना प्रवाह उलट्या दिशेने, बझरमधून बाहेरच्या दिव्यांकडे जाऊ पाहतो. त्याने बझर बिघडेल, नाहीतर रात्रभर वाजत राहील. म्हणून दिव्यांची तार आणि बझर यांच्यामध्ये एक डायोड बसवतात. डायोड प्रवाहाला एकाच दिशेने जाऊ देतो. त्याच्या एका टोकाला पट्टी असते; ते टोक बझरकडे ठेवायचे. काही रुपयांची ही वस्तू आहे, पण ती टाळून चालत नाही. त्याच तारेत एक अँपिअरचा फ्यूजही घालतात.

हे काम वाहनांचे वायरिंग करणाऱ्या कारागिराकडूनच करून घ्यावे. तुम्ही शेजारी उभे राहून पाहा. तो आधी बॅटरीची ऋण तार काढून ठेवील, म्हणजे पाना चुकून पत्र्याला लागला तरी ठिणगी उडणार नाही.

काहीजण विचारतात, दिवे आपोआप विझवणारे यंत्रच का बसवू नये? मला ते पटत नाही. अंधाऱ्या रस्त्याच्या कडेला गाडी बंद पडली आणि चालक खाली उतरला, तर दिवे चालूच हवेत. नाहीतर मागून येणाऱ्या ट्रकला व्हॅन दिसायची कशी? अशा वेळी बझर वाजला तरी हरकत नाही. दिवे ठेवायचे की विझवायचे, हे चालकाच्या हाती राहते.

जोडणी झाली की तपासणी करतात. दिवे बंद ठेवून दार उघडले, आवाज नाही. दिवे लावून दार बंद केले, आवाज नाही. दिवे तसेच ठेवून दार उघडले, की बझर वाजलाच पाहिजे. आवाज फारच कर्कश वाटला, तर बझरच्या तोंडावर चिकटपट्टीचा तुकडा लावतात.