मुदत पाळा, सवलत राखा

शेतीला लागणारे भांडवल हंगामाच्या आरंभी हवे असते आणि पीक हाती येऊन त्याचे पैसे होईपर्यंत बराच काळ लोटतो. हा मधला काळ निभावून नेण्यासाठी पूर्वी शेतकऱ्याला सावकाराखेरीज दुसरा आधार नव्हता. १९५१-५२ मध्ये झालेल्या अखिल भारतीय ग्रामीण पतपाहणीत असे आढळून आले की, शेतकऱ्यांच्या कर्जापैकी जवळजवळ सत्तर टक्के कर्ज सावकारांकडून येत होते आणि सहकारी संस्थांचा वाटा अवघा ३.१ टक्के होता. आज गावोगावी विविध कार्यकारी सहकारी सेवा संस्था व बँकांच्या शाखा आहेत आणि ऑगस्ट १९९८ पासून किसान क्रेडिट कार्डाची सोयही झालेली आहे. स्वस्त कर्ज मिळण्याचा मार्ग खुला झाला. तथापि ते कर्ज स्वस्तच राहावे यासाठी एक अट पाळावी लागते, आणि त्या अटीकडे दुर्लक्ष झाल्यामुळे पुष्कळ शेतकरी दरवर्षी हकनाक नुकसान सोसतात. ती अट म्हणजे परतफेडीची मुदत.

सवलत कशी बनते?

अल्पमुदतीच्या पीककर्जावर केंद्र शासनाने २००६-०७ पासून व्याज सवलत देण्यास प्रारंभ केला. तीन लाख रुपयांपर्यंतचे कर्ज सात टक्के दराने मिळावे, हा तिचा पहिला भाग. वेळेवर परतफेड करणाऱ्यास अधिक सवलत द्यावी, हा दुसरा भाग २००९-१० मध्ये आला. त्या वर्षी ही जादा सवलत एक टक्का होती. पुढील वर्षी ती दोन टक्के व २०११-१२ पासून तीन टक्के झाली. त्यामुळे मुदतीत फेडणाऱ्याला प्रत्यक्षात चारच टक्के व्याज पडते. मे २०२५ मध्ये केंद्रीय मंत्रिमंडळाने ही व्यवस्था २०२५-२६ या वर्षासाठी चालू ठेवण्यास मान्यता दिली.

महाराष्ट्र शासनाने यात आपली भर घातली आहे. ज्यांनी १९५२ ते १९६२ या काळात केंद्रीय कृषिमंत्रिपद भूषविले, त्या डॉ. पंजाबराव देशमुख यांच्या नावाने राज्याची व्याज सवलत योजना चालते. २०२१ च्या खरीप हंगामापासून तीन लाखांपर्यंतच्या पीककर्जावर राज्याची सवलतही तीन टक्के करण्यात आली. दोन्ही सवलती मिळून मुदतीत फेडलेले पीककर्ज शून्य टक्के व्याजाने पडावे, असा या धोरणाचा हेतू आहे.

येथे एक गोष्ट नीट ध्यानात घ्यावयास हवी. शून्य टक्के हा कर्जाचा मूळ दर नव्हे. तो वेळेवर फेडणाऱ्याला मिळालेला मोबदला आहे. अट मोडली की मोबदला जातो आणि मूळ दर उघडा पडतो.

एका दिवसाची किंमत

समजा, एखाद्या बागायतदाराने दीड लाख रुपयांचे पीककर्ज वर्षभर वापरले. केंद्राच्या तीन टक्क्यांचे ४,५०० रुपये व राज्याच्या तीन टक्क्यांचे ४,५०० रुपये, असे एकूण ९,००० रुपये त्याला वाचावयाचे आहेत. ठरलेल्या तारखेस त्याने खाते पूर्ण भरले नाही, तर हे ९,००० रुपये त्याच्या हातून जातात. उशीर एका दिवसाचा असो वा महिन्याचा, वर्षाची सवलत सर्वच जाते. उशिराच्या दिवसांपुरती ती कापली जात नाही. शिवाय सात टक्क्यांचा दरही जास्तीत जास्त एक वर्षापर्यंत, किंवा त्याआधी येणाऱ्या देय तारखेपर्यंतच लागू असतो. त्यापुढे थकलेल्या रकमेवर बँकेचा नेहमीचा दर चालू होतो.

नुकसान व्याजापुरतेच राहत नाही. थकबाकीदार सभासदाला संस्थेच्या व्यवस्थापन समितीवर राहता येत नाही. नवे कर्ज अडते. अल्पमुदतीच्या पिकांचे कर्ज देय तारखेनंतर दोन हंगाम, व दीर्घ मुदतीच्या पिकांचे एक हंगाम थकले, की बँक ते अनुत्पादक कर्जात दाखविते आणि त्याची नोंद पतमाहिती संस्थांकडे जाते. उद्या पंप, नौका किंवा घर यांसाठी कर्ज मागताना हीच नोंद आड येते.

शहरातील नोकरदारांच्या क्रेडिट कार्डाची रीतही याहून निराळी नाही. आरंभी काही महिन्यांसाठी दिलेला हलका दर एक हप्ता चुकताच काढून घेतला जातो. कार्ड शेतीचे असो वा बाजाराचे, सवलतीचा दर तारखेच्या खुंटीला टांगलेला असतो.

जयगडचा हंगाम आणि बँकेची तारीख

रत्नागिरी तालुक्यातील जयगड हे शास्त्री नदीच्या मुखाशी, खाडीच्या काठी वसलेले गाव. या परिसरात भात, हापूस आंबा आणि मासेमारी या तिन्हींवर लोकांचा चरितार्थ चालतो, आणि तिन्हींचा पैसा निरनिराळ्या वेळी हाती येतो. म्हणून सर्वांना एकच तारीख सोयीची पडेलच असे नाही.

भाताची कापणी ऑक्टोबर-नोव्हेंबरात होते. खरीप कर्जाची मुदत मार्चअखेर असल्यास भातउत्पादकाला पैसे जुळविण्यास चार महिने मिळतात. येथे चूक होते ती वेगळ्याच कारणाने. भाताचे पैसे दिवाळी, लग्नकार्ये व घरदुरुस्ती यांत संपतात आणि मार्चमध्ये हात रिकामा राहतो. भात विकताच कर्जाची रक्कम खात्यात भरून टाकणे हाच यावर उपाय. किसान क्रेडिट कार्डाच्या खात्यावर जितक्या दिवसांसाठी जितकी रक्कम उचललेली असेल, तितकेच व्याज पडते. आधी भरलेला प्रत्येक रुपया व्याज कमी करतो.

आंब्याचे गणित निराळे आहे. मोहोराचे संरक्षण, फवारण्या व राखण यांवर डिसेंबरपासून खर्च होतो, तर मुख्य फळ एप्रिल-मेमध्ये बाजारात जाते आणि वाशीच्या बाजारातून हिशेब येण्यास आणखी काही दिवस लागतात. अशा बागायतदाराच्या कर्जाची तारीख ३१ मार्च पडली, तर ती नेमकी पैसा येण्याआधीच येते. या बाबतीत नियम शेतकऱ्याच्या बाजूचा आहे. पीक निघण्याचा व विकले जाण्याचा अपेक्षित काळ पाहून बँकेने परतफेडीची मुदत ठरवावी, असे किसान क्रेडिट कार्डाच्या योजनेतच म्हटलेले आहे. म्हणून कर्ज मंजूर होतानाच बागायतदाराने आपल्या पिकाचा काळ अर्जात स्पष्ट लिहावा आणि सोयीची तारीख मागून घ्यावी. कर्ज उचलल्यावर तक्रार करण्यात अर्थ राहत नाही. मात्र सवलत एका वर्षापलीकडे लागू होत नाही, हेही तारीख मागताना विसरू नये.

मच्छीमारांना व पशुपालकांना किसान क्रेडिट कार्डाची सोय २०१८-१९ पासून मिळाली. डिझेल, बर्फ, जाळ्यांची दुरुस्ती अशा खेळत्या भांडवलासाठी केवळ मासेमारी करणाऱ्यास दोन लाखांपर्यंतच्या कर्जावर केंद्राची सवलत मिळते. पश्चिम किनाऱ्यावर १ जून ते ३१ जुलै मासेमारी बंद असते. देय तारीख या दोन महिन्यांत किंवा बंदी उठताच लगेच पडली, तर फेडीसाठी मिळकत नसते. ती तारीख मेपूर्वीची असावी आणि हंगाम चांगला असताना थोडी थोडी रक्कम भरत जावी. राज्य मंत्रिमंडळाने एप्रिल २०२५ मध्ये मत्स्यव्यवसायाला कृषीचा दर्जा देण्याचा निर्णय घेतला. तरी पीककर्जाची राज्य सवलत आपल्या खात्याला लागू आहे असे परस्पर गृहीत धरू नये. बँकेत विचारून खात्री करावी.

‘नवे-जुने’ करताना सावधगिरी

मुदत संपत आली आणि पैसे कमी पडले, की चार दिवसांसाठी बाहेरून रक्कम आणून खाते भरावयाचे व नवे कर्ज उचलून ती परत करावयाची, याला गावात ‘नवे-जुने’ करणे म्हणतात. याचा हिशेब डोळसपणे मांडावा. एक लाख रुपये दरमहा शेकडा तीन दराने दहा दिवसांसाठी आणले, तर एक हजार रुपये व्याज पडते आणि सहा हजारांची सवलत वाचते. येथवर व्यवहार फायद्याचा दिसतो. परंतु नवे कर्ज मिळण्यास दोन महिने लागले, तर सावकाराचे व्याज सहा हजार होते आणि सर्व सवलत त्यातच जाते. त्याहून उशीर झाल्यास घरचे घालावे लागते. म्हणून नव्या कर्जाची कागदपत्रे आधी पूर्ण करून, ते किती दिवसांत मिळेल हे गटसचिवाकडून किंवा शाखेतून समजून घेतल्यावाचून या मार्गाला जाऊ नये. परवाना नसलेल्या सावकाराकडे तर मुळीच जाऊ नये. महाराष्ट्र सावकारी (नियमन) अधिनियम, २०१४ अन्वये विनापरवाना सावकारी हा गुन्हा आहे.

संकट ओढवल्यास

३ जून २०२० रोजी निसर्ग चक्रीवादळाने आणि मे २०२१ मध्ये तौक्ते वादळाने कोकणातील बागांची मोठी हानी केली. अशा प्रसंगी पंचनामा करून घ्यावा आणि देय तारखेपूर्वी बँकेकडे कर्जाच्या पुनर्गठनाचा अर्ज द्यावा. नैसर्गिक आपत्तीमुळे पुनर्गठित झालेल्या कर्जावर पहिल्या वर्षी व्याज सवलत मिळण्याची तरतूद आहे. २०२० मध्ये टाळेबंदीमुळे वेळेवर परतफेडीची सवलत ३१ ऑगस्टपर्यंत वाढवून देण्यात आली होती. परंतु असे निर्णय शासन जाहीर करते तेव्हाच लागू होतात. ते होतीलच या आशेवर तारीख चुकविणे शहाणपणाचे नाही. कर्जमाफीच्या वाटेकडे डोळे लावून बसणाऱ्यांनीही एक स्मरावे : महात्मा जोतिराव फुले योजनेत नियमित फेडणाऱ्यांनाही ५०,००० रुपयांपर्यंत प्रोत्साहन देण्यात आले.

गावपातळीवरील कार्यकर्त्यांनी करावयाचे काम

१. प्रत्येक कर्जदाराची देय तारीख गटसचिवाकडून घेऊन यादी करावी आणि दोन महिने आधी, एक महिना आधी व आठ दिवस आधी आठवण द्यावी.

२. केवळ मुद्दल भरून थांबू नये, हे सांगावे. व्याज, विम्याचा हप्ता किंवा अन्य आकार यांपैकी दोनशे रुपये राहिले, तरी खाते पूर्ण फिटलेले ठरत नाही. भरण्यापूर्वी शाखेतून एकूण येणे रकमेचा आकडा लेखी घ्यावा.

३. अखेरच्या दिवसाची वाट पाहू देऊ नये. त्या दिवशी सुट्टी आली किंवा धनादेश वटण्यास वेळ लागला, तर तारीख हुकते. रक्कम खात्यात जमा झालेला दिवसच धरला जातो.

४. खाते आधारशी जोडलेले असल्याची खात्री करून घ्यावी. व्याज सवलतीसाठी ती जोडणी आवश्यक आहे.

५. तीन लाखांची मर्यादा शेतकऱ्यासाठी आहे; प्रत्येक बँकेसाठी वेगळी नाही, हे दोन ठिकाणी कर्ज घेणाऱ्यांना समजावून द्यावे.

६. परतफेडीनंतर खात्याचा उतारा पाहून सवलत जमा झाली की नाही हे तपासावे. न झाल्यास शाखेकडे लेखी अर्ज देऊन पोच घ्यावी.

खत, बियाणे व फवारणी यांत काटकसर करून हजार रुपये वाचविणे किती कठीण असते, हे प्रत्येक शेतकरी जाणतो. तारीख पाळण्यासाठी मात्र दिनदर्शिकेवर एक खूण आणि विक्रीनंतर लगेच बँकेची एक फेरी, एवढेच श्रम पडतात. जयगडच्या बागेत पिकलेल्या आंब्याचा व समुद्रातून आणलेल्या मासळीचा पैसा व्याजात न जाता घरात राहावा, यासाठी हे श्रम प्रत्येक कर्जदाराने घ्यावेत.